जनुकांवर फोडलेलं खापर

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली ब्रिटनमध्ये आकडेवारीनिशी मांडलं. त्याला विरोध करणारा माणूस लहानसहान नव्हता. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी १९५८ मध्ये जुळ्यांचा दाखला दिला. हुबेहूब जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी इतर जुळ्यांपेक्षा जास्त मिळत्याजुळत्या असतात. मग जी जनुकं सिगारेटकडे ओढतात, तीच कर्करोगही देत नसतील कशावरून? फिशर तेव्हा तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते. व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा असतो हे त्यांनी बरोबर हेरलं, पण त्यातून त्यांनी सिगारेटलाच पाठीशी घातलं.

अर्ध्या शतकानं, २००८ मध्ये, १५व्या गुणसूत्रावरची जनुकं हाती लागली. मेंदूत निकोटिन जिथे जाऊन चिकटतं, त्या ग्राहकाचा एक भाग ‘सीएचआरएनए५’ हे जनुक घडवतं. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की हा भाग नसला तर ‘आता पुरे’ हा इशाराच क्षीण होतो. माणसांत या जनुकातल्या छोट्याशा फरकामागे दिवसाला सरासरी एखादी सिगारेट वाढते. कधीच सिगारेट न ओढलेल्यांत मात्र या फरकाचा कर्करोगाशी संबंध आढळला नाही.

वय झाल्यावर मंदावणाऱ्या बुद्धीचं कोडं आणखी अवघड. धूम्रपान करणारे म्हातारपणी चाचणीत मागे पडतात, पण ते लहानपणापासूनच मागे होते का? उत्तर स्कॉटलंडकडे होतं. १ जून १९३२ रोजी तिथल्या शाळांत १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांनी एकच प्रश्नपत्रिका सोडवली: ७१ प्रश्न, ४५ मिनिटं. १९४७ मध्ये १९३६ साली जन्मलेल्यांची पाळी आली. हे गुण जपून ठेवलेले होते. इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या अनेकांना उतारवयात गाठून पुन्हा तपासलं. बालपणीचे गुण आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर बराचसा फरक नाहीसा झाला. विचारांच्या वेगातली थोडी घट मात्र उरलीच, आणि ती धूम्रपानाच्या खाती जाते.

२०१५ मध्ये याच गटातल्या सुमारे ५०० जणांच्या मेंदूची चित्रं प्रसिद्ध झाली. धूम्रपान करणाऱ्यांचं मेंदूचं बाह्यपटल पातळ होतं. सोडणाऱ्यांत ते काही अंशी भरून आल्यासारखं दिसलं. पूर्ण भरून यायला सुमारे २५ वर्षं लागावीत, असा संशोधकांचा अंदाज.

म्हणजे सोडायला जितका उशीर, तितकी ही वर्षं हातची जातात. ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणत सिगारेट, तंबाखू किंवा मिश्री चालू ठेवणारं कुणी घरात असेल, तर तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक त्यांना आजच लावून द्या.