हळदीकुंकवाचे माहेर

घोडनदीकाठचे घोडेगाव आणि तेथून पश्चिमेस भीमाशंकर अभयारण्याकडे चढत जाणारा मुलूख यांतील आंब्यांवर मूळ पालवीहून निराळ्या, जाड, काहीशा करड्या पानांचे झुबके फांद्यांना धरून वाढलेले दिसतात. ते बांडगूळ होय, आणि ‘हळदीकुंकू’ (डेलिअस युकॅरिस) या फुलपाखराची वाढ पाहायची तर याच झुबक्यांची पाने उलटावी लागतात. बांडगूळ ही अर्धपरोपजीवी वनस्पती आहे, म्हणजे यजमान झाडाच्या फांदीत शोषक मुळे रोवून ती पाणी व क्षार घेते, पण अन्न स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते. आयत्या बिळावरचा नागोबा हा तिचा मराठीतला लौकिक त्यामुळे अर्धाच खरा मानावा लागतो.

मादी पानाच्या खालच्या अंगाला चकचकीत पिवळी अंडी ओळींनी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या काळ्या डोक्याच्या, पिवळसर तपकिरी व लांब पांढऱ्या केसांच्या असून त्या पांगत नाहीत, तर एकाच पानावर दाटीने चरतात, आणि फांदीला धक्का बसताच तोंडातून सोडलेल्या रेशमी धाग्याला लोंबकळत राहतात; उतावळ्या निरीक्षकाला मग पान रिकामेच भासते. कोषही बहुधा जवळजवळ असतात; प्रत्येक पिवळा, काळ्या ठिपक्यांचा, कमरेला रेशमी धाग्याने बांधलेला. कोषातून बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख चुरगळलेले असतात व शिरांत द्रव भरला गेल्यावरच ते ताठ होतात.

पंख उघडे असताना फुलपाखरू पांढरे, काळ्या शिरांचे दिसते. मिटताच मागील पंखाच्या हळदी रंगावर कुंकवासारखे लाल ठिपके उमटतात. हा भडकपणा पक्ष्यांना बेचवपणाची सूचना देतो, आणि संथ उड्डाण त्यामुळेच परवडते. दक्षिण अमेरिकेतील अँडीजच्या पर्वतारण्यांत राहणाऱ्या ‘कॅटॅस्टिक्टा’ प्रजातीची फुलपाखरे याच्या नात्यातली असून त्यांतील अनेकांच्या अळ्याही बांडगुळांवरच वाढतात.

फुलटोच्या पक्षी बांडगुळाची फळे खाऊन चिकट बिया फांद्यांवर टाकतो, म्हणून ते पुन्हा उगवते. फांद्या वाळू लागल्या की बागाईतदाराला ते छाटावेच लागते. छाटण्यापूर्वी मात्र त्याने पाने उलटून पाहावीत, आणि पिवळ्या अंड्यांच्या ओळी आढळल्यास तेवढा झुबका काही आठवडे राखावा.