सिम्सचा स्पेक्युलम आणि तो धरणारे हात

लंडनच्या सायन्स म्युझियममधल्या वैद्यकीय संग्रहात सिम्सच्या धर्तीचे स्पेक्युलम जपून ठेवले आहेत. मधे दांडा आणि दोन्ही टोकांना एकाच बाजूला वळलेली खोलगट पाती, एक रुंद आणि एक अरुंद. जवळजवळ याच घडणीचे हत्यार आजही आपल्याकडच्या स्त्रीरोग विभागांत रोज गरम वाफेत निर्जंतुक होऊन निघते आणि एमबीबीएसच्या तोंडी परीक्षेत टेबलावर मांडले जाते. योनिमार्गाची मागची भिंत ओढून धरायची, म्हणजे समोरची भिंत आणि गर्भाशयाचे मुख दिसते, एवढेच त्याचे काम. त्याला स्क्रू नाही, बिजागरी नाही. कुस्कोचा, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा, स्पेक्युलम एकदा बसवला की जागेवर राहतो; सिम्सचा मात्र कुणालातरी धरून उभे राहावे लागते.

हे हत्यार घडले अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी गावी. १८४५ च्या सुमारास डॉ. जेम्स मॅरियन सिम्सकडे काही गुलाम स्त्रिया आणल्या गेल्या. अडलेल्या बाळंतपणात बाळाचे डोके दिवसेंदिवस दाबून राहिल्याने मूत्राशयाची भिंत सडली होती. त्या छिद्रातून लघवी अखंड गळत राही. अशा बाईजवळ कुणी बसेना, आणि खात्रीचा उपायही नव्हता. सिम्सने कथलाच्या मिश्रधातूचा एक चमचा विकत घेतला, त्याचा दांडा वाकवला आणि बेट्सी नावाच्या रुग्णाला गुडघ्यांवर ओणवे करून तपासले. आत हवा शिरून भिंती फुगल्या आणि छिद्र स्वच्छ दिसले.

दिसले म्हणून ते लगेच शिवता आले नाही. पहिली शस्त्रक्रिया लूसीवर झाली, बारा डॉक्टरांच्या देखत आणि भूल न देता. मूत्राशयात ठेवलेल्या स्पंजामुळे जंतुसंसर्ग होऊन ती मरणाच्या दारातून परतली. सतरा वर्षांच्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग झाला, तरी सिम्सने या स्त्रियांसाठी तो वापरला नाही. संमतीचा प्रश्न कायद्याने त्यांच्यापुरता उद्भवतच नव्हता. बोलणी मालकांशी झाली होती.

अपयशे साचत गेली तसे मदतीला येणारे डॉक्टर पांगले. मग मदतनीस उरल्या त्या या रुग्णच. स्वतःची जखम भरलेली नसताना त्यांनी एकमेकींना धरले, शस्त्रक्रियेत हात दिला. सिम्सच्या आत्मचरित्रातच याची कबुली आहे. रेशमाऐवजी चांदीची तार वापरल्यावर, १८४९ मध्ये, अनार्काचे छिद्र अखेर मिटले. १८५२ च्या शोधनिबंधाने सिम्स जगाला माहीत झाला. १८५५ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांचे रुग्णालय काढले. या शस्त्रक्रियेने पुढे असंख्य स्त्रियांना पुन्हा माणसांत आणले, हे मोठेच काम आहे. पण ते एकट्या सिम्सचे नव्हे. चार वर्षे सोसून आणि शिकून तयार झालेल्या त्या स्त्रिया माझ्या मते या शस्त्रक्रियेच्या पहिल्या परिचारिका होत्या.

सेंट्रल पार्कमधला सिम्सचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये हलवण्यात आला. २०२१ मध्ये माँटगोमेरीत मिशेल ब्राउडर या कलावतीने धातूच्या तुकड्यांतून बेट्सी, लूसी आणि अनार्का या तिघींची शिल्पे उभी केली. आणलेल्या स्त्रिया दहा-बारा होत्या. नावे तिघींचीच उरली आहेत. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या शिक्षकांना एवढीच विनंती की तोंडी परीक्षेत हे हत्यार उचलून त्याचे नाव विचारताना अनार्का, बेट्सी आणि लूसी ही नावेही विद्यार्थ्यांना सांगावीत.