सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट

सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट ही मुंबईतील वादक चरणजित सिंग यांची वाद्यसंगीताची दीर्घ ध्वनिमुद्रिका (एलपी) आहे. ती १९८२ साली ध्वनिमुद्रित झाली व ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने एचएमव्ही या नाममुद्रेखाली प्रकाशित केली. प्रकाशनानंतर ती जवळजवळ विस्मरणात गेली होती. एका संग्राहकाला तिची प्रत सापडल्यामुळे ती पुन्हा प्रकाशात आली. आज सिंथेसायझर संगीताच्या तबकड्या जमवणाऱ्यांमध्ये तिच्या मूळ प्रतीला मोठी मागणी आहे.

पार्श्वभूमी

चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवत असत. चित्रपटगीतांच्या चालींवर आधारित वाद्यसंगीताच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या होत्या. १९८० च्या सुमारास हिंदी चित्रपटसंगीतात डिस्कोची लाट होती. त्या ठेक्यावर गीतांऐवजी राग वाजवावेत, ही या ध्वनिमुद्रिकेमागील कल्पना.

वाद्ये आणि रचना

तिच्यात रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली आहेत. रागाची सुरावट ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर वाजते, ठेका टीआर-८०८ देते आणि खर्जातील आवर्तने टीबी-३०३ कडून येतात. टीबी-३०३ हे मुळात बेस गिटारची जागा घेण्यासाठी १९८१ साली बाजारात आलेले यंत्र. त्या कामात ते फारसे पटले नाही आणि काही वर्षांतच त्याचे उत्पादन थांबले. मात्र त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. भारतीय कानाला ती मींडेची आठवण करून देते. ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस इत्यादी दहा राग येथे आहेत. रागविस्तार मैफलीसारखा नाही. ठेका अखंड एकसारखा राहतो आणि सुरावट त्यावर फिरत राहते.

पुनर्शोध

एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ साली दिल्लीत या ध्वनिमुद्रिकेची प्रत मिळाली. पुढे त्यांनी चरणजित सिंग यांचा मुंबईत शोध घेतला आणि २०१० साली आपल्या बॉम्बे कनेक्शन या संस्थेतर्फे तिचे पुनर्प्रकाशन केले. पाश्चात्त्य श्रोत्यांना धक्का बसला तो कालक्रमामुळे. शिकागोतील ॲसिड हाउस या नृत्यसंगीताची पहिली महत्त्वाची रचना मानली जाणारी ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ ची. तिचा ओळखीचा आवाजही टीबी-३०३ चाच. काहींना तर ही सारी बनवाबनवीच वाटली. यावरून सिंग यांना ॲसिड हाउसचे जनक म्हणण्याची प्रथा पडली. ती आकर्षक असली तरी सैल आहे. शिकागोच्या कलाकारांनी ही तबकडी ऐकली होती असे दाखवणारा पुरावा पुढे आलेला नाही. एकच यंत्र दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सारख्याच वाटेने गेले, एवढेच त्यातून म्हणता येते.

संग्रहातील स्थान

युरोपातील प्रायोगिक सिंथेसायझर गटांच्या तबकड्या बहुधा छोट्या संस्थांनी थोड्या प्रतींत काढल्या, म्हणून त्या दुर्मीळ झाल्या. उदाहरणार्थ, थ्रॉबिंग ग्रिसल या इंग्लिश गटाने १९७६ साली स्वतःचीच संस्था काढली. येथे प्रकार उलटा आहे : देशातील सर्वांत मोठ्या कंपनीने काढलेली ध्वनिमुद्रिका केवळ खप न झाल्याने दुर्मीळ ठरली. त्यातच त्या दशकात कॅसेटने तबकडीची जागा घेतली आणि घरोघरच्या तबकड्या रद्दीत गेल्या. मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार येथे त्यांपैकी काही पोहोचल्या. उरलेल्यांना दमट हवा आणि बुरशी पुरली.

महाराष्ट्रात तबकड्यांचे संकलन जुने आहे; १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. मात्र येथील संग्राहकांचा ओढा प्रामुख्याने ७८ आरपीएमच्या तबकड्या, नाट्यपदे आणि शास्त्रीय गायन यांकडे राहिला. डिस्कोचा ठेका लावलेला यमन त्या चौकटीत सहज बसत नव्हता.

पुनर्प्रकाशनानंतर सिंग यांनी युरोपात या रचना प्रत्यक्ष सादर केल्या. त्यांचे ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत निधन झाले.