गुडघेदुखीपुढे गुडघे टेकू नका!

ऑक्टोबर २०००. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी दिल्लीहून मुंबईला आले ते थेट ब्रीच कँडी हॉस्पिटलात. वय ७५. चालताना त्यांना होणारा त्रास साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिला होता. न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन रानावत यांनी त्यांच्या डाव्या गुडघ्याचा सांधा बदलला. जून २००१ मध्ये उजव्याची पाळी आली आणि पुढच्याच महिन्यात वाजपेयी आग्र्याच्या शिखर बैठकीला हजर होते! ‘नी रिप्लेसमेंट’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोहोचला.

मग आपल्या आजीचे गुडघे दुखतात म्हणून तिलाही ऑपरेशनच हवं का? मुळीच नाही.

दुखतं कशामुळे?

मांडीचं आणि नडगीचं हाड जिथे भेटतं, तिथे दोन्ही टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. वय, वाढलेलं वजन, जुनी दुखापत आणि आनुवंशिकता यांमुळे ते झिजतं. मग जिना उतरताना कळ येते, सकाळी गुडघा आखडतो, मांडी घालून बसणं नकोसं होतं. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत तर ही तक्रार हमखास वाढते.

आधी घरचे उपाय

पहिलं औषध वजन कमी करण्याचं. एक किलो वजन घटलं, तर चालताना दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो! दुसरं औषध मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाचं. खुर्चीत बसा, पाय समोर सरळ करा, पाच आकडे मोजा, खाली ठेवा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. ‘दुखतंय म्हणून चालणंच बंद’ ही चूक करू नका. स्नायू सैल पडले की दुखणं वाढतं. फार त्रास असेल तर उकिडवं बसणं टाळा, कमोड वापरा, हातात काठी घ्यायला लाजू नका.

वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेऊ नका. त्या पोट आणि मूत्रपिंडावर उलटतात. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण झीज भरून काढत नाही. ‘कूर्चा पुन्हा उगवेल’ अशा जाहिरातींना तर भुलूच नका.

गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला किंवा पडल्यावर पाय टेकवेनासा झाला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ऑपरेशन कधी?

हे सगळं करूनही रात्रीची झोप उडाली, घरातल्या घरात चालणं कठीण झालं, तर विचार करावा. झिजलेला भाग काढून तिथे धातूचे भाग आणि मध्ये प्लॅस्टिकची चकती बसवतात. बहुतेकांचा असा सांधा पंधरा-वीस वर्षं टिकतो. ऑपरेशननंतरचा व्यायाम मात्र चुकवून चालत नाही.

खर्चाची धास्तीही पूर्वीइतकी राहिलेली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी १,५८,३२४ रुपयांवरून ५४,७२० रुपयांवर (अधिक जीएसटी) आला. हॉस्पिटलचा खर्च वेगळा. म्हणून बिलात सांध्याची किंमत स्वतंत्र मागा आणि गरज वाटल्यास दुसऱ्या डॉक्टरचंही मत घ्या.

तेव्हा आजीला सांगा, आजपासून खुर्चीतला व्यायाम सुरू. गुडघेदुखीपुढे गुडघे टेकायचे नाहीत!