फ्लॉपी गेली, ड्रायव्हर राहिला
२०१४ साली दुकानात फ्लॉपी मागणारा माणूस शोधूनही सापडला नसता, पण तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये शाबूत होता. त्या मे महिन्यात त्याची जुनी खोड उघडकीस आली. स्वतःच्या मेमरीचे पत्ते तो बाहेरच्या प्रोग्रामला दाखवायचा आणि त्या प्रोग्रामनं धाडलेला पत्ता, न तपासता, मोकळा करायचा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! पुढच्या वर्षी 'व्हेनम' नावाचा दोष गाजला. आभासी मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयूमधल्या आभासी फ्लॉपीचा ५१२ बाइटचा बफर काही कमांडनंतर ओसंडायचा, आणि ही चूक २००४पासून तिथंच होती.

जुलै २०१९मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सच्या फ्लॉपी ड्रायव्हरवर 'अनाथ' असा शेरा मारला. चालू ड्राइव्हच मिळेना, तर चाचणी कशावर करणार? तरी फेब्रुवारी २०२०मध्ये त्यातला एक बग त्यानं स्वतःच दुरुस्त केला. कंट्रोलरचा क्रमांक आधी वापरून मग तपासला जात होता; आता आधी तपासला जातो. एवढंच.

मला जास्त बोलकं वाटतं ते २०२१चं आयस्कझी प्रकरण. नेटवर्कवरची डिस्क आपलीच असल्यासारखी वापरू देणाऱ्या या यंत्रणेतला सदोष कोड २००६चा. तिची सेटिंग्ज वाचायला कर्नल एक पान देतं, बहुतेक मशीनवर ४०९६ बाइटचं. ड्रायव्हर त्यावर 'स्प्रिंटएफ'नं लिहायचा, आणि जागा किती आहे हे त्या फंक्शनला ठाऊकच नसतं. साध्या युजरनं पानापेक्षा लांब मजकूर आधी भरून ठेवला, की वाचताना तो शेजारच्या मेमरीत घुसे. मार्चमध्ये पॅच आले: पानाच्या कडेला थांबणारं फंक्शन, लांबीची तपासणी आणि फक्त अॅडमिनला प्रवेश. पण आयस्कझी कधीच न वापरणाऱ्या काही मशीनवरही हे मॉड्यूल मागणी येताच आपोआप लोड व्हायचं. बफरइतकाच दोष या सोयीचाही, असं माझं मत.

दरम्यान २०१५मध्ये मेमरीच्या चुका पकडणारं केसॅन कर्नलमध्ये आलं आणि सिझकॉलरसारखे फझर रात्रंदिवस वाटेल ते इनपुट कर्नलवर फेकू लागले. बग सापडणं सोपं झालं. जुन्या ड्रायव्हरचे पॅच तपासायला बसणारी माणसं मात्र मोजकीच राहिली.

२०२४मध्ये, मेमरीच्या अशा चुका आधीच अडवू पाहणाऱ्या रस्ट भाषेत लिहिलेला नल ब्लॉक ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. त्यामागे खरी डिस्क नाही. तो चाचणीपुरता आहे. कर्नलच्या सी भाषेतल्या कोडशी बोलणारा भाग रस्टमध्येही 'अनसेफ' म्हणूनच लिहावा लागतो, पण निदान डोळ्यांत तेल घालून कुठं पाहायचं ते तरी कळतं.