सीमेवर तो, तारखेला ती

२०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हा ऐन लगीनसराई होती. यात्रा-जत्रांसाठी रजा साठवून फौजी गावाकडे आले होते. पलटणीतून फोन आले, रजा रद्द झाल्या. अंगावरची हळद उतरायच्या आत निघालेल्या नवरदेवांच्या आणि स्टेशनावर डोळे कोरडे ठेवून उभ्या राहिलेल्या नववधूंच्या बातम्या आपण वाचल्या. १० मे रोजी गोळीबार थांबला आणि त्या मुली बातम्यांतून गेल्या.

त्याच वर्षी २६ जुलैला श्रीनगरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सूर्य कांत यांच्या हस्ते ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू झाली. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं जवानांच्या कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत द्यायची, त्यासाठी सैनिक मंडळांच्या कार्यालयांत केंद्रं उघडायची, अशी ही योजना. कारगिल विजय दिनाच्या भाषणांत ही बातमी दबून गेली. मला ती त्या दिवसाची सगळ्यात मोठी बातमी वाटते.

का, ते साताऱ्याकडे गेलं की कळतं. तिथल्या अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण कामी आले. अशा गावातल्या सुनेला पोस्टिंग म्हणजे काय हे समजावावं लागत नाही. ‘पीस’ला, म्हणजे शांत ठाण्यावर, नवऱ्याची बदली झाली आणि क्वार्टर मिळालं तर दोन-तीन वर्षं एकत्र संसार. तो ‘फील्ड’ला, म्हणजे मोहिमेच्या भागात, गेला की ती पुन्हा सासरी, नाहीतर पोरांच्या शाळेसाठी तालुक्याला खोली घेऊन. सासऱ्यांची शुगर, सोसायटीचं कर्ज, शाळेचे दाखले, सगळं तिच्याकडे.

आणि शेताचा बांध. यासारखं अवघड दुसरं काही नाही. घरचा कर्ता दूर आहे, हे भाऊबंदांना पक्कं ठाऊक असतं. एखाद्या पावसाळ्यात बांध कोरला जातो, वहिवाटीची वाट अडवली जाते, वाटणीचा दावा लागतो. तारीख पडते. ती हातात सातबारा घेऊन उभी राहते आणि समोर असतात तिचेच चुलत दीर, ज्यांच्यासमोर एरवी डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नसतो.

यातलं काहीच ती नवऱ्याला सांगत नाही. रात्री नेटवर्क मिळालं की तो म्हणतो, इकडं बरं आहे. ती म्हणते, इकडंही. चौकीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात घरची भांडणं घालायची नाहीत, हे तिनं स्वतःच ठरवलेलं असतं. कर्नल संतोष महाडिक यांच्या हौतात्म्यानंतर २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः लष्करी अधिकारी झाल्या. ते धैर्य महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं, आणि घ्यायलाच हवं होतं. फोनवरचं हे ‘बरं आहे’सुद्धा धैर्यच आहे, पण त्याची किंमत घराला मोजावी लागते. जमीन ज्याच्या नावावर, त्यालाच दाव्याचा पत्ता नसतो आणि निकाल एकतर्फी लागू शकतो.

नेमकी हीच अडचण ओळखून शंभर वर्षांपूर्वी एक कायदा झाला होता. इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) अ‍ॅक्ट, १९२५. तो आजही लागू आहे, दिवाणी आणि महसुली दोन्ही न्यायालयांना. प्रतिवादी युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत सेवेत असलेला जवान आहे असं वादीला वाटत असेल, तर त्यानं ते दाव्यातच लिहायचं असतं. जवान हजर राहू शकत नसेल तर लष्कराच्या दाखल्यावर कामकाज तहकूब ठेवता येतं. त्याच्या माघारी झालेला हुकूम रद्द करून घेता येतो. मुदतीच्या हिशोबात युद्धसेवेचा काळ धरला जात नाही. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती तरतूद अशी: जिल्ह्यातला जवान हजर राहू शकत नाही असं दिसलं, तर कलेक्टर स्वतःहून न्यायालयाला तसं कळवू शकतात. जवानाच्या अर्जासाठी अडून बसायची गरज नाही.

अमुक घरचा पोरगा फौजेत आहे हे तलाठ्याला, सरपंचाला, वादीच्या वकिलालाही माहीत असतं. तरी हा कायदा किती कोर्टांत कुणाच्या तोंडी येतो? नव्या केंद्रांतल्या वकिलांनी पहिलं काम हेच करावं. तालुक्यातल्या फौजी पक्षकारांच्या चालू दाव्यांची यादी काढावी आणि ती कलेक्टरांच्या टेबलावर ठेवावी. कार्यालयात बसून जवानाच्या बायकोची वाट पाहू नये. जी नवऱ्यालाही सांगत नाही, ती अनोळखी टेबलापाशी येऊन आपणहून बोलणार नाही.