तोरणमाळ : एका दिवसाचा उलटा हिशेब

राज्यात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. नंदुरबारच्या वाट्याला त्यातलं एकही आलेलं नाही. पण गाडी काढून दिवसभर डोंगर-जंगल पाहायचं, तर अक्राणी तालुक्यातलं तोरणमाळ आहेच. ताडोबासारखी जिप्सी, गाईड आणि सफारीचं बुकिंग इथे लागत नाही. लागतो तो वेळेचा हिशेब, आणि तो उलटा मांडायचा. निघायचं कधी हे नंतर. घाट कधी उतरायचा हे आधी ठरवा.

डिसेंबरात इकडे सूर्य सहाच्या आत मावळतो. सात पायरी घाटाची वळणं एकावर एक रचलेली आहेत. अंधारात रस्त्याची कड आणि दरी सारखीच काळी दिसते. म्हणून चारला तोरणमाळ सोडायचं. वर पाच तास हाताशी हवेत, म्हणजे अकराला पोहोचायला हवं. नंदुरबारहून चढ धरून तीन तास, वाटेतल्या थांब्यांचा एक तास. त्यामुळे निघायचं सकाळी सातला.

पहिला थांबा प्रकाशा. तापी आणि गोमाईचा संगम, काठावर केदारेश्वर. दक्षिणकाशी म्हणून भाविक येतात. १९५५च्या उत्खननात इथे ताम्रपाषाण काळातली वस्ती उजेडात आली. पुढे शहाद्याला पेट्रोलची टाकी भरून घ्या, खिशात सुटे पैसे ठेवा. वर रेंजच्या भरवशावर राहू नये. केळी, ऊस, पपईची शेतं म्हसावद-राणीपूरपर्यंत सोबत करतात आणि मग सपाटी संपते.

घाटात कडेचा खडक नीट पाहा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक थिजले, तोच हा बेसाल्ट. थरांची झीज कमी-जास्त झाल्याने डोंगराला पायऱ्या पडल्या. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटरवर आहे, म्हणजे शहाद्याहून जवळपास हजार मीटर उंच. हजार मीटर चढलं की पारा साधारण सहा अंशांनी उतरतो. खाली शर्टावर निघालात, तरी हिवाळ्यात गाडीत स्वेटर हवाच.

वर यशवंत तलाव, गोरक्षनाथाचं मंदिर, सीताखाई आणि खडकी पॉइंट ही मुख्य ठिकाणं. सगळी उरकायच्या नादात एकही धड पाहून होत नाही. सीताखाईला निवांत तासभर द्या; पावसाळ्यानंतर धबधबा भरात असतो, हिवाळा सरता सरता तो रोडावतो. जेवण तलावाकाठी. कळण्याची भाकरी आणि ठेचा घरून बांधून नेलात, तर हॉटेल शोधण्यात वेळ जात नाही. उरलेलं आणि प्लास्टिक गाडीतच परत आणा.

कधी जायचं? भर पावसात धुकं आणि निसरडा घाट, त्यामुळे नवख्या चालकाने तो मोह टाळावा. सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा सगळ्यात चांगला काळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या दिसतात. डोळे उघडून मधल्या रेघा पांढरट झालेलं फळ घ्या. ते एक-दोन दिवसांत घरी पिकतं. उन्हाळ्यात धडगावच्या बाजूला गेलात, तर कैरीच्या सोललेल्या फोडी वाळत घातलेल्या दिसतील. हेच इथलं आमचूर, आणि अनेक आदिवासी घरांची हंगामी कमाई. अंगणात शिरून फोटो काढण्याआधी विचारावं. महाशिवरात्रीला गोरक्षनाथाची यात्रा भरते. यात्रा पाहायची असेल तर जरूर जा, निवांत फिरायचं असेल तर तो दिवस टाळा.

घाट चढताना प्रत्येक वळणावर हॉर्न द्या, उतरताना दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका. आणि घड्याळात चार वाजलेत, पण खडकी पॉइंट राहिलाय? राहू द्या. गाडी वळवा, तो पुढच्या खेपेला होईल.